तोटी

आमच्या न्हाणीघरातल्या शॉवरची तोटी सहा महिने गळत होती आणि आम्ही सहा महिने ती आवळत होतो. लातूरमध्ये राहणाऱ्या माणसाला थेंबांचा आवाज सहन होत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी या शहरात आले, ते दिवस कोण विसरेल? एकदा इशाच्या नमाजनंतर शॉवरखाली बादली ठेवली. फजरला मोजले तर दीड लिटर पाणी. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करीत, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. म्हणजे रोज रात्री दोन वजूंचे पाणी मोरीत जात होते. वर्गात मुलांना हीच हदीस सांगायची आणि घरी येऊन तोटी आणखी आवळायची, असा आमचा क्रम होता.

एका रविवारी तोटी हातात नुसतीच गरगर फिरू लागली. आतले दाते झिजले होते. अम्मी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "टूटी क्या? अच्छा हुआ."

आम्ही चमकलो. मग कळले. गुडघे वाकत नाहीत म्हणून अम्मी स्टुलावर बसून शॉवरखाली अंघोळ करतात. आम्ही आवळलेली तोटी त्यांच्या सांधे सुजलेल्या बोटांनी उघडत नव्हती. नात शाळेतून आली की तिच्याकडून त्या ती उघडून घेत. जुम्म्याच्या नमाजआधीचे गुस्ल कित्येकदा राहून गेले होते.

"अम्मी, बोले कायकू नै?"

"पानी बचाता बोलके तू खुश था. हातां में दम कां है अब."

त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तोटी उघडून पाहिली. टाकीचा वॉल बंद केला. स्क्रू मोरीत जाऊ नये म्हणून जाळीवर फडके टाकले. तोटीच्या तोंडावरची टोपी सुरीच्या टोकाने काढली, आतला स्क्रू सोडवला. पण बोअरच्या पाण्याचा पांढरा थर इतका चढला होता की तोटी निघेना. सिरक्यात भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले, तेव्हा कुठे ती सुटली. पान्याने स्पिंडल काढले. टोकाच्या रबरी वायसरवर खोल चरा पडला होता. खरा दोष तेवढाच होता. आम्ही जितके आवळले तितका वायसर चिरत गेला, आणि तो चिरला म्हणून आम्ही आणखी आवळले.

जुने स्पिंडल आणि तोटी खिशात घालून दुकानात गेलो, कारण दात्यांची संख्या जुळली नाही तर नवी तोटी बसत नाही. घरी अम्मी 'टोंटी' म्हणतात, दुकानदार 'तोटी' म्हणाला. वस्तू एकच निघाली. त्याने गोल तोटी पुढे केली. आम्ही म्हटले, "लांब दांडीची द्या. म्हातारं माणूस वापरणार आहे." तो म्हणाला, "सर, आधी का नाही सांगितलं? आमच्या आईलाही तीच बसवलीय."

वायसर बदलला, दांडीची तोटी बसवली, वॉल हळूच उघडला. अम्मींना बोलावले. त्यांनी बोटे लावलीच नाहीत. तळहाताच्या कडेने दांडी ढकलली आणि पाणी आले. त्याच हाताने परत ढकलली, पाणी थांबले. दोन-तीनदा त्यांनी असेच केले. पाणी वाया जात होते, पण आम्ही काही बोललो नाही.

रात्री बादली ठेवली. फजरला ती कोरडी होती. इसराफ म्हणजे उधळपट्टी, हे आम्ही मुलांना शिकवतो. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवताना त्याच घरात अम्मींची ताकद आम्ही किती खर्ची घातली, हे मात्र सहा महिने आमच्या ध्यानात आले नव्हते. आता वर्गात ती हदीस सांगितली की मुलांना आम्ही एक प्रश्न विचारतो: तुमच्या घरातली तोटी दादीला उघडता येते का?

त्या जुम्म्याला आम्ही मशिदीत निघालो तेव्हा अम्मींचे केस ओले होते.