काळा गंज, तांबडा गंज

सिंदेवाहीकडे धान कापणीला आलं, की रानडुकरांच्या रात्री सुरू होतात. आजोबांची पीकरक्षणाची भरमार बंदूक आता बाबांच्या परवान्यावर आहे. ती रिकामी आहे ना हे बाबांनी पाहिलं आणि माझ्या हाती दिली. पावसाळ्यात नळीवर तांबूस थर चढला होता. मशीनच्या तेलात चिंधी भिजवून मी सावकाश पुसत बसलो. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल.

गंमत वाटते. कारागिरानं नळीला दिलेली काळी-निळी झिलई हाही एक गंजच, मॅग्नेटाइटचा. तांबडा गंज पापुद्रे धरतो, ओल आत नेतो, लोखंड खातो. काळा घट्ट बसतो, तेल धरून ठेवतो. म्हणून चकचकीत करण्याचा हट्ट मी धरला नाही.

बांधीवर जागणारे आजोबा आठवत राहिले. गडचिरोलीत कित्येकांनी आपल्या भरमार बंदुका स्वेच्छेनं पोलिसांकडे जमा केल्या. आमचीही द्यावी का? तिच्यात राखण आहे, तशी भीतीही. माझी माया लोखंडावर आहे की ते जपणाऱ्या हातांवर, हे मला अजून उमगलेलं नाही. बाबांशी एकदा बोलायला हवं.