पिंपरी-चिंचवड : आहे कुठे आणि राहते कोण?

मुंबईहून लोहमार्गाने येणाऱ्या पाहुण्याला देहूरोड गेले की वाटते, आले पुणे. मग आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी स्टेशने येतच राहतात. दापोडीपुढे मुळा नदीचा पूल ओलांडला म्हणजे खरी पुण्याची हद्द. तोवर पाहुणा एक अख्खे शहर मागे टाकून आलेला असतो. पुणेकर या शहराला आजही उपनगर म्हणतात!

दक्षिणेला मुळा, उत्तरेला इंद्रायणी आणि मधून वाहणारी पवना, अशी याची जागा आहे. मोरया गोसावींचे व चापेकर बंधूंचे चिंचवड आधीपासून नावाजलेले होते. बाकी ही शेतीची गावे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीत झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डीची शिवारे पत्र्याच्या शेडखाली गेली. १९७० साली नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका.

आता माणसे पाहू. १९९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती. २००१ साली ती दहा लाखांवर गेली व २०११ साली १७,२७,६९२ झाली. १९९७ साली आसपासची गावे हद्दीत आली, त्यांचा वाटा यात आहेच. पण पाळण्यांनी काही वीस वर्षांत तिप्पट वाढ होत नाही. ही माणसे एस.टी.तून उतरलेली आहेत. १९७२ च्या दुष्काळापासून सोलापूर, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड इकडून ती येत राहिली. आधी एकटा पुरुष यायचा, गाववाल्याच्या खोलीत पाच-सहा जणांत झोपायचा. काम थोडे टिकले की बायकोला आणायचा, आणि म्हाताऱ्या आईला सर्वांत शेवटी. २०११ साली दर हजार पुरुषांमागे येथे साडेआठशे स्त्रियाही नव्हत्या, त्याचे एक मोठे कारण हेच. तिकडे गावी त्या वाट पाहत होत्या.

कामगारांना परवडणारे घर मिळावे म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीकडे त्याचे रुंद रस्ते व बंगले पाहिले की प्रश्न पडतो, यात शेडमधला कामगार किती? तो बहुतांशी आनंदनगर, मिलिंदनगर, निगडीची ओटा स्कीम अशा वस्त्यांतच राहिला. २०२१ साली ते प्राधिकरणही विलीन झाले.

२०११ च्या आकड्यात अनुसूचित जातींची माणसे सुमारे पावणेतीन लाख आहेत. हे सगळे बौद्ध नव्हेत, मातंग व चर्मकार बांधवही त्यात आले. या प्रमाणावरूनच २०१७ च्या महापालिका निवडणुकीत १२८ पैकी २० जागा राखीव झाल्या. देहूरोडची आपली माणसे मात्र या हिशोबात नाहीत, कारण तेथे कॅन्टोन्मेंट आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती भूमी शहराला लागून असली तरी पालिकेच्या कागदावर परकी.

चाकणचे गणित याहून अवघड. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी करीत इंद्रायणी ओलांडली की वीस-एक किलोमीटरवर चाकण. संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार ही त्याची जुनी ओळख. मोटारींचे मोठे कारखाने आले ते १९९९ नंतर. २०११ साली गावची लोकसंख्या एकेचाळीस हजारांच्या घरात होती. तेव्हापासून खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे येथे खोल्यांवर खोल्या चढल्या. त्यांत मराठवाडा-विदर्भाची पोरे आहेत, तशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचीही. रेशनकार्ड गावी, मतदान गावी, आणि पाणी मात्र येथल्या टँकरचे.

२०२१ ची शिरगणती झालीच नाही. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले, त्याप्रमाणे पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. पुष्कळजण म्हणतात, ‘आमचे नाव गावी लागेल.’ पण माणूस नेहमी राहतो कुठे, ते पाहून मोजणी होते. मतदारयादीशी तिचा संबंध नाही. धर्म बौद्ध सांगावा. जातीचा प्रश्न वेगळा असतो, तेथे अनुसूचित जातींच्या यादीतले नावच लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही त्या यादीत धरले आहे. जातीच्या ठिकाणीही ‘बौद्ध’ एवढेच लिहिले गेले, तर तो माणूस अनुसूचित जातीच्या बेरजेत येत नाही.

नवरा फर्स्ट शिफ्टला, बायको सेकंडला आणि खोलीला कुलूप, अशी घरे चाकण-भोसरीत पुष्कळ. त्यांनी शेजारच्या मावशीकडे निरोप ठेवावा : घरात माणसे किती, आणि कोणत्या वेळी भेटतील.