सहा आकड्यांची खिडकी

कारंजा लाड येथील कापसाचा बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये १८८६ साली नियंत्रित झाला, आणि त्याच बाजारातील एका अडतीत माझ्या वडिलांनी तीस वर्षे मुनिमी केली, हे प्रारंभीच सांगणे मला अगत्याचे वाटते. कारण वाशिमच्या घरी शिसवी कपाटात जुन्या जपानी गणकयंत्रांचा जो संग्रह मी बाळगून आहे, त्याचे मूळ त्या अडतीच्या बैठकीतच आहे. वडिलांना पावकी, निमकी, औटकी मुखोद्गत होती आणि रोजकीर्द-खतावणीचा मेळ ते दिवेलागणीला तोंडी घालीत. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खाजगी अडतीतला कापूस गेला, तूर-ज्वारी तेवढी उरली. आणि त्याच वर्षी जपानात ‘कॅसिओ मिनी’ हे यंत्र १२,८०० येनांस विक्रीस येऊन दहा महिन्यांत त्याचे दहा लाख नग खपले. आयातीच्या निर्बंधांमुळे आमच्या भागात असे यंत्र दिसायचे ते आखातातून परतलेल्या एखाद्या आप्ताच्या सामानातच.

अडतीच्या मालकांकडे असे एक होते. ते निवर्तल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा काकूंनी फडक्यात गुंडाळलेले ते यंत्र माझ्या हाती ठेवले आणि म्हणाल्या, “बाबू, हे मेलेलं मशीन नेऊन काय करतं तू?”

आत चार पेन्सिल सेल तसेच राहून पाझरले होते. स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा क्षार दगडासारखा जमला होता. लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तीन संध्याकाळी तो हलक्या हाताने सोडवला, नवे सेल घातले, आणि काळ्या काचेमागे निळसर-हिरवे शून्य उजळले. संग्रहात शार्पचे १९७३ सालचे ‘ईएल-८०५’ही आहे, द्रवस्फटिकाच्या पडद्यामुळे एकाच सेलवर शंभर तास चालणारे; यंत्र म्हणून ते निःसंशय श्रेष्ठ. पण जीव जडला आहे तो या पहिल्यावर.

याच्या खिडकीत आकडे सहाच मावतात आणि दशांशचिन्हाची कळ नाही. म्हणून रुपयांचे पैसे करूनच रक्कम घालावी लागते. त्या रात्री वडिलांची १९८३ सालची रोजकीर्द उघडून तुरीची एक नोंद मी ताडून पाहिली: सत्तावीस क्विंटल, दर ४१२ रुपये ५० पैसे. वडिलांनी चारशेंचा हिशेब वेगळा, साडेबारांचा वेगळा करून बेरीज मांडली असणार, कारण समासात त्यांच्या बारीक अक्षरात १०,८०० आणि ३३७॥ एवढेच टिपलेले होते. मी ४१२५० ला २७ ने गुणले. उत्तराचे सात आकडे खिडकीत मावेनात. बाणाची कळ दाबून उरलेला भाग पाहिला, दोन्ही भाग कागदावर जोडून लिहिले, आणि ११,१३७ रुपये ५० पैसे ही रक्कम वहीतल्या बोरूच्या शाईशेजारी धरली.