रोडग्यांची पंगत

वऱ्हाडात गावजेवण म्हटलं की रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. वाशीम जिल्ह्यातलं आसेगाव घ्या की आसपासचं दुसरं गाव, भंडाऱ्याचा बेत बहुधा हाच. शहरी खाद्यमहोत्सवात पन्नास पदार्थ मांडलेले असतात. त्यापुढे हा बेत एकसुरी वाटेल. पण गावजेवणाचं खरं मोल चवीत शोधू नये, ते रांधण्यात आहे. गव्हाच्या जाडसर पिठात मोहन आणि ओवा घालून कणीक घट्ट भिजवायची, तेल लावून घड्यांवर घड्या घालत गोळे वळायचे, गोवऱ्या जळून लाल झाल्या की त्या फुफाट्यात ते पुरायचे. भाजला की फडक्याने राख झटकून रोडगा फोडायचा आणि वर तुपाची धार. हे काम गावाच्या मापाने एका घराला झेपणारं नाही. कुणी पायलीभर गहू देतो, कुणी गोवऱ्या, कुणी वाडीतली वांगी. ज्याच्याकडे काहीच नाही तो विस्तव सांभाळतो. एरवी चुलीकडे न फिरकणारे पुरुषही इथे कणकेत हात घालतात. सगळेच यजमान असल्यामुळे जेवणारा कुणाचा मिंधा राहत नाही. बल्गेरियातल्या खेड्यांतही सेंट जॉर्जच्या दिवशी, ६ मे रोजी, मोठमोठ्या कढयांत कोकराचा रस्सा शिजवून गावभर वाटतात. तिथे कोकरू, इथे वांगं. रीत मात्र एकच.

यावर पहिला आक्षेप जातीचा, आणि तो खोडून काढता येत नाही. पंगत कुणाची आधी, कुणाची नंतर, कुणाची गावाबाहेर, हे आपल्या खेड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं. एकत्र जेवण आपोआप समता आणत असतं, तर समतानंद अनंत हरी गद्र्यांना झुणका-भाकरीची सहभोजनं मुद्दाम घालावी लागली नसती. पण त्यांनीही सुधारणेसाठी निवडली ती पंगतच. कारण भेद जिथे उघडा दिसतो, तिथेच तो मोडला हेही साऱ्यांना दिसतं. दुसरा आक्षेप सोयीचा: एवढा खटाटोप कशाला, आचारी आणि मंडपवाला सांगितला की झालं. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद शेतात बसलेल्या लाखो लोकांना ट्रॅक्टरमधून वाढला जातो, आणि वाढणारे स्वयंसेवकच असतात. तिथे जे निभतं, ते हजार-दोन हजारांच्या गावाला जड जाण्याचं कारण नाही. ठेकेदाराने रांधलेलं अन्न पोट भरतं, पण गाव त्यात नुसतं पाहुणं उरतं.

म्हणून भंडाऱ्याच्या बैठकीत वर्गणीच्या आकड्याआधी एक ठरवावं: कणीक कोण कोण मळणार आणि वाढायला कोण कोण उभं राहणार. त्या यादीत गावातली एकही वस्ती सुटली असेल, तर रोडगे कितीही खुसखुशीत होवोत, त्याला गावजेवण म्हणू नये.