अर्क ओतायचा कुठं?

टोमॅटोत मर दिसली की शेतकऱ्याचा फोन येतो तो एकाच प्रश्नासाठी : ‘साहेब, आळवणी कशाची करू?’ दशपर्णी, लसूण, कडुनिंब ही नावं आता तेच पुढं करतात. वनस्पतिरोगशास्त्राचा माणूस म्हणून मला याचा आनंद वाटतो आणि धास्तीही.

अर्कात दम आहे, यात वाद नाही. प्रयोगशाळेत बटाट्याच्या आगरात लसणाचा अर्क मिसळायचा आणि मधोमध फ्युजॅरियम बुरशीची टिकली ठेवायची. शेजारच्या बिनअर्काच्या बशीत बुरशी आठवडाभरात कडेपर्यंत पसरते. अर्काच्या बशीत टिकलीभोवतीच घुटमळते. हे काम ॲलिसिनचं. ते पाकळी ठेचल्यावरच तयार होतं. अख्ख्या पाकळ्या उकळल्या, तर ते तयार करणारं विकरच निकामी होतं. तरीही लोक उकळतात!

पण बशी म्हणजे शेत नव्हे. एकरभर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर साधारण 9 लाख किलो भरतो. त्यात 200 लिटर अर्क कुठल्या कुठं जिरतो. काही द्रव्यं चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ धरून ठेवतात, उरलेली सूक्ष्मजीव फस्त करतात. फ्युजॅरियमचे जाड कवचाचे बीजाणू मात्र टोमॅटो नसतानाही वर्षानुवर्षं तग धरतात. शिवाय झाड माना टाकतं, तोवर बुरशी खोडातल्या नळ्यांत शिरलेली असते. तिथं आळवणी पोचत नाही.

मुळात मर कोणती, हे तरी पाहावं. सुकलेल्या झाडाचं खोड बुडाशी तिरकं कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टेकवून धरा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरू लागला, तर ती जिवाणूजन्य मर. धागा नाही, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर फ्युजॅरियमचा संशय घ्यावा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. तिघांना एकच काढा देणं म्हणजे पैसा मातीत घालणं.

मग अर्क वापरायचा कुठं? माझं उत्तर : रोपवाटिकेत. एकराची सगळी रोपं ट्रेमध्ये एका खोलीएवढ्या जागेत मावतात. कोकोपीट थोडं, रोप कोवळं; पिथियममुळं रोपं कोलमडतात तीही इथंच. इथं थोडा अर्कही पुरतो. फक्त ट्रायकोडर्मा दिला असेल, तर त्याच दिवशी लसणाचा अर्क देऊ नका. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे.

शेतात अर्क ओतण्यापेक्षा वनस्पतीच गाडावी किंवा लावावी. हिरवी मोहरी फुलोऱ्यात बारीक करून ओल्या मातीत गाडली आणि वर प्लॅस्टिक अंथरलं, की तिच्यातून तिखट वायू सुटतो, तो बुरशीला जाचतो. त्यानंतर लागवडीला दोन-तीन आठवडे थांबावं, नाहीतर रोपांनाही झळ बसते. सूत्रकृमीसाठी झेंडू : त्याच्या मुळांतली द्रव्यं त्यांना मारक आहेत. पण बांधाला दोन ओळी लावून भागत नाही. टोमॅटोआधी पूर्ण रान झेंडूचं हवं. दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी जुन्नर, नाशिककडे झेंडू होतोच. त्याच रानात पुढं टोमॅटो घ्या.

आणि येत्या उन्हाळ्याअखेरीस बांधावरच्या निंबोळ्या मातीत कुजू देऊ नका. गर धुऊन सावलीत खडखडीत वाळवा आणि हवा खेळेल अशा गोणीत भरा. ओल्या निंबोळीला बुरशी येते, आणि तसल्या निंबोळीचा अर्क कामाचा नसतो.