फ्लॉरेन्समधली छत्री

फ्लॉरेन्समध्ये आम्ही चौघे मित्र दोनच दिवस होतो. मायकेलअँजेलोचा डेव्हिड झाला, उफीत्सीतली चित्रे पाहता पाहता पायांचे तुकडे पडले. तरी शेवटची संध्याकाळ कास्चिने बागेसाठी राखली होती. तिच्या पार टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमाजवळ, एक छत्री आहे.

कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या गावी वारले. वय विशीचे! परक्या गावाने नदीकाठ दिला आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांचे दहन झाले. १८७४ साली तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसला.

आमच्यातला कोल्हापूरकर एरवी भारी बडबड्या. तिथे मात्र त्याने मुकाट्याने जोडे काढले. मग आम्हीही काढले.