पडवीचे भाडे

भाडे या शब्दाशी माझे जितके सख्य आहे, तितके क्वचितच कोणाचे असेल. दिल्लीतील एका केंद्रीय कचेरीत मी ज्या मेजाशी बसतो, तेथे भाडेकरार, भाडेवाढ आणि भाड्याची थकबाकी यांवाचून दुसरा विषय नाही. सरकारची स्वतःची जागा शिल्लक नसल्याचा दाखला आधी मिळवायचा, मग खासगी इमारत शोधायची, मग केंद्रीय बांधकाम खात्याकडून रास्त भाड्याचे प्रमाणपत्र आणायचे. आणि एवढे सोपस्कार होईपर्यंत मालकाने ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली, की पुन्हा श्रीगणेशा! संध्याकाळी परततो तेही सरकारी क्वार्टरमध्येच. बदलीचा हुकूम आला की तिथला तुळशीचा डबा उचलून दुसऱ्या गावाच्या दुसऱ्या गॅलरीत ठेवायचा. परगावी नोकरी करणाऱ्यांना हे विस्ताराने सांगायला नको.

अमेरिकेतील सरकार आपल्या कचेऱ्यांसाठी जागा भाड्याने कशी घेते हे पाहण्यासाठी २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडून तिघांचे पथक अटलांटा शहरी निघाले. त्यातील एक साहेब ऐन वेळी आजारी पडले आणि ‘ज्याला फायली तोंडपाठ आहेत त्यालाच जाऊ द्या’ असे म्हणून वरिष्ठांनी माझे नाव घातले. वीस वर्षांच्या नोकरीतही जे घडत नाही ते बाराव्या वर्षी घडले, म्हणून घरात आनंदीआनंद झाला.

निघण्याच्या आदल्या दिवशी स्पीड पोस्टाने दादाचे जाड पाकीट आले. आमचे घर राजापूर तालुक्यात. घराच्या रस्त्याकडील पडवीत आजोबांनी १९५१ साली टपाल कचेरीला जागा दिली; ती अद्याप तेथेच आहे. दादाने लिहिले होते, ‘करार मार्चमध्ये संपतो. मोबाइलच्या दुकानासाठी एकजण पाचपट भाडे द्यायला तयार आहे. कौले शाकारायला झाली आहेत, वासे बदलायला हवेत. नूतनीकरण करायचे नाही असे ठरवू. तू सहहिस्सेदार, तेव्हा सोबतच्या कागदावर सही करून धाड.’ गंमत अशी, की पाकिटावर शिक्का आमच्या पडवीतल्याच कचेरीचा होता. जिला घालवायचे, तिच्याच हातून तिची नोटीस रवाना झाली होती! दादाचे म्हणणे मला पटले होते. परतल्यावर सही करायची असे ठरवून कागद मी बॅगेत टाकला.

अटलांटात उतरताच प्रथम ओळख पटली ती मातीची. रस्त्यासाठी जेथे जेथे खणले होते, तेथे तेथे ती आमच्या कोकणासारखी तांबडीलाल दिसत होती. उकाडाही तसाच. बाकी सारे अनोळखी. निम्म्या रस्त्यांची नावे ‘पीचट्री’नेच सुरू होतात की काय असे वाटे, आणि आमचा चालकही एकदा भलत्याच पीचट्रीवर गेला.

आम्हाला हिंडवून दाखवणाऱ्या अधिकारी पन्नाशीच्या पुढच्या, कृष्णवर्णीय, हसतमुख बाई होत्या. तिकडे केंद्रीय कचेऱ्यांसाठी इमारती बांधणे, विकत घेणे आणि भाड्याने मिळवणे हे काम १९४९ साली स्थापन झालेल्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या खात्याकडे असते. तीन दिवसांत बाईंनी आम्हाला नऊ जागा दाखवल्या. काही काचेच्या उंच इमारतींत, तर काही उपनगरातल्या दुकानांच्या रांगेत. एका बाजूला धुलाईचे दुकान, दुसऱ्या बाजूला मिठाईचे, आणि मध्ये सरकार!

त्यांच्या हिशेबाची पद्धत मी मन लावून टिपून घेतली. तेथे क्षेत्रफळ दोन प्रकारचे असते. कचेरी प्रत्यक्ष वापरते ते एक. आणि दिंडी-दरवाजा, सामाईक बोळ यांतला तिचा वाटा मिळवून होते ते दुसरे. मुदतही दोन प्रकारची. करार दहा वर्षांचा असला, तरी बहुधा आरंभीची काही वर्षेच पक्की. पुढे सरकारने रीतसर नोटीस दिली की जागा सोडायला ते मोकळे. २०२५ च्या आरंभी काटकसरीच्या धोरणापायी अशा नोटिसा देशभर शेकड्यांनी निघाल्या होत्या. कोष्टकात ही सोय मला फार शहाणपणाची वाटली. आपल्याकडेही असे कलम असावे, अशी टीप मी वहीत केली.

तिसऱ्या दिवशी ती टीप मला प्रत्यक्ष भेटली. आम्ही पाहायला गेलो ती एक नुकतीच रिकामी झालेली जागा होती. आत फक्त गालिच्यावर मेजांच्या पायांचे वळ उरले होते. दाराच्या काचेवर नव्या पत्त्याचा कागद डकवलेला, आणि त्यासमोर एक वृद्ध गृहस्थ हातातली फाइल छातीशी धरून उभे. ते बसने आले होते. नवी जागा बरीच दूर, आणि तिकडे ती बस जात नव्हती. बाईंनी त्यांना बाकावर बसवले, स्वतः फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवून दिली आणि वाहनाचीही व्यवस्था केली. सारे मिळून पाव तास गेला. आमच्या मोजणीच्या कागदावर मात्र त्या पाव तासासाठी रकानाच नव्हता.

परतताना बाईंनी गाडी शहराच्या मध्यभागी एका जुन्या भव्य इमारतीपाशी थांबवली. ती आमच्या यादीत नव्हती. १९२४ साली उघडलेले ‘रिचेस’ हे नामांकित दुकान येथे होते. कृष्णवर्णीयांना तेथे खरेदी करण्याची मुभा होती, पण उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसून खाण्याची नव्हती. १९६० च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध तेथे ठाण मांडले. त्यांच्यासमवेत मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली. पुढे दुकान बंद पडले आणि जुनी वास्तू राखून तिच्याभोवती सॅम नन यांच्या नावाचे केंद्रीय कचेऱ्यांचे संकुल उभे राहिले.

बाई म्हणाल्या, “माझी आई लहानपणी येथे बूट घ्यायला येई. भूक लागली तर घरी जाऊन जेवायचे, असे आजी तिला दारातच बजावून ठेवी. माझी पहिली नेमणूक याच संकुलात झाली. त्या दिवशी आई माझ्याबरोबर दारापर्यंत आली होती.”

एवढे बोलून त्यांनी गाडी सुरू केली. मला मात्र माझी आजी आठवली.

टपाल कचेरी पडवीत आली त्या वर्षीची गोष्ट आजी नेहमी सांगे. अस्पृश्यता घटनेने रद्द केली होती; आमच्या गावाला ते अजून कळायचे होते. गावकुसाबाहेरच्या वाडीतील बायका मुंबईच्या गिरणीतून आलेली मनिऑर्डर घ्यायला येत, त्या अंगणातच उभ्या राहत. नवे पोस्टमास्तर परगावचे. ते पहिल्याच आठवड्यात बाहेर येऊन म्हणाले, “वर या. घर यांचे असेल, पण पाटी सरकारची आहे.” बायका पायऱ्या चढून वर आल्या. त्या संध्याकाळी आजीने पडवीत पाणी शिंपडले. दुसऱ्या दिवशीही शिंपडले. “आणि मग कंटाळले रे,” असे ती म्हणे, आणि ओशाळून हसे. पुढे त्याच बायकांना ती ताक नेऊन देऊ लागली.

बारा वर्षे मी समजत आलो, की भाड्याने देतात ती चार भिंतींची जागा. आमच्या पडवीने सरकारला जागा दिली हे खरेच. पण सरकारने आमच्या पडवीला जे दिले, ते भाड्याच्या पावतीवर कधी चढले नाही. कोणालाही न विचारता कोणीही जिची पायरी चढू शकतो अशी आमच्या घरात ती एकच जागा होती. मोबाइलच्या दुकानातही सर्वांना प्रवेश असेल, नाही असे नाही. परंतु तेथे खिशात काही असावे लागते. निवृत्तिवेतनाची चौकशी करायला आलेल्या म्हातारीला तेथे बसायला कोण सांगणार? दुसरी टपाल कचेरी खाडीपलीकडे.

त्या रात्री हॉटेलात मी बॅगेतला कागद काढला आणि सही न करता दादाला फोन लावला. आजीची गोष्ट त्याला नव्याने सांगायची गरजच नव्हती. तो माझ्याआधी ती ऐकत मोठा झालेला. मी एवढेच म्हणालो, “करार पुढे चालू ठेवू. भाडेवाढीचा अर्ज आपण आजवर केलेलाच नाही. तो मी लिहून देतो. तेवढे तरी मला येते.”

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ठीक आहे. पण पाऊस अर्जाची वाट पाहत नाही. कौलांचा आणि वाशांचा निम्मा खर्च तुझा.”

मी कबूल केले. दिल्लीला परतल्यावर अहवाल लिहिताना नोटिशीच्या कलमाची ती टीप मी खोडली नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ जोडली, की जागा सोडण्यापूर्वी तेथे येणाऱ्या माणसांना नवी जागा किती दूर पडेल, हेही मोजले जावे. साहेबांनी समासात ‘पाहू’ असा शेरा मारला आहे. दादाला मात्र पहिला हप्ता गेल्याच महिन्यात पाठवला. मनिऑर्डरनेच पाठवायचा मोह झाला होता. पण ती सोय आता पूर्वीची राहिली नाही, म्हणून बँकेतून धाडला.